चतुर्थीचं बहुवचन

गर्दीची बस कशी पकडावी हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. दादर टी.टी.ला माझी दहा वर्षं तालीम झालेली होती. बस थांबायच्या आधी दांडी हातात, बस सुटल्यावर पाय फळीवर, आणि मधल्या वेळात डबा, छत्री आणि चष्मा यांची काळजी, हे सगळं मला झोपेतही जमलं असतं. त्यामुळे १९७३ च्या नोव्हेंबरात लंडनला नोकरीसाठी जाऊन पोचलो तेव्हा इंग्रजी, थंडी आणि उकडलेले बटाटे या तिन्हींची मला धास्ती होती, बसची नव्हती. उलट मागच्या बाजूला सताड उघडी फळी आणि मधोमध पांढरी दांडी असलेली ती लाल दुमजली गाडी पाहून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिचं नाव रूटमास्टर.

१५९ नंबरची बस ब्रिक्स्टनवरून केनिंग्टन, वेस्टमिन्स्टर, ट्रॅफल्गर स्क्वेअर अशी जायची. पहिल्याच सकाळी मी ब्रिक्स्टनच्या थांब्यावर रांगेत उभा. बस आली. माझ्या पुढचे चढले. आत डोकावून पाहिलं तर आपल्या हिशोबानं बस रिकामी! बसलेले लोक बसलेले, मधल्या वाटेत चारपाच माणसं लोकरीचे कोट घालून एकमेकांपासून सोवळ्यातल्यासारखं अंतर राखून उभी. आमच्याकडे एवढ्या जागेत दोन कुटुंबं आणि एक पेटी सहज मावली असती. मी दांडी धरून पाय उचलला, तेवढ्यात माझ्या छातीसमोर एक भलाथोरला काळा हात आडवा आला.

"फुल अप!"

"पण जागा आहे की!" मी म्हणालो.

"उभे पाच झाले. तुम्ही सहावे."

टण टण टण अशा तीन घंटा झाल्या आणि बस गेली. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे मला मुंबईपासून ठाऊक होतं. तीन म्हणजे 'भरली, आता कुठे थांबू नकोस' हे ज्ञान त्या दिवशी फुकट मिळालं. खाली अठ्ठावीस, वर छत्तीस, असे चौसष्ट बसायचे आणि खाली पाच उभे. वरच्या मजल्यावर उभं राहायचं नाही, फळीवर उभं राहायचं नाही. एकोणसत्तर म्हणजे एकोणसत्तर. सत्तरावा माणूस खुद्द राणीचा आतेभाऊ असला तरी तो पुढच्या बसनं येईल.

पुढची बस अठरा मिनिटांनी आली. कचेरीत साहेबानं घड्याळाकडे पाहिलं. मी त्याला पाच उभ्यांचा नियम समजावून सांगितला. तो म्हणाला, "तो मला माहीत आहे. म्हणून मी लवकर निघतो."

त्या अठरा मिनिटांत मला जो राग आला त्यातून माझा बसच्या इतिहासाचा अभ्यास सुरू झाला. काही लोकांचे अभ्यास जिज्ञासेतून सुरू होतात. माझे सगळे अपमानातून होतात.

आता हा 'बस' शब्दच पाहा. मूळ शब्द ऑम्निबस. तो लॅटिन, आणि त्याचा अर्थ 'सर्वांना', 'सर्वांसाठी'. त्यातला 'ऑम्नि' म्हणजे सर्व, आणि 'बस' हा निव्वळ चतुर्थीच्या बहुवचनाचा प्रत्यय. शाळेत आपण 'रामाय रामाभ्याम् रामेभ्यः' घोकलं ना, त्यातला तो शेवटचा 'भ्यः', तोच हा! भाषापंडित सांगतात की लॅटिनचा 'बुस्' आणि संस्कृतचा 'भ्यः' हे एकाच घरातले चुलतभाऊ. म्हणजे ऑम्निबस ही आपली 'सर्वेभ्यः' झाली. इंग्रजांनी घाईघाईत पुढचा 'सर्व' उडवला आणि मागचा प्रत्यय तेवढा रस्त्यावर आणला. हीच काटछाट मराठीत केली तर 'सर्वांना'तलं 'सर्वां' जाईल आणि नुसतं 'ना' उरेल. ब्रिक्स्टनच्या थांब्यावर मला नेमकं तेच ऐकू आलं होतं.

हा 'ना' जुना आहे. ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या वेळी, भरो न भरो, सुटणारी गाडी ही कल्पना प्रथम अमलात आली ती पॅरिसमध्ये, १८ मार्च १६६२ रोजी, आणि तिचा जनक होता ब्लेझ पास्कल. होय, आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातलाच. द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा नियम त्याला गर्दीच्या बसमध्ये सुचला असं मी कित्येक वर्षं समजत होतो. पण ते शक्य नाही, कारण त्याच्या गाडीत जेमतेम आठ माणसं बसत. भाडं पाच सोल. लोक खूश. पण पॅरिसच्या न्यायसभेनं परवानगी देताना एक कलम घातलं : शिपाई, हुजरे, नोकरचाकर आणि मजूर यांनी या गाडीत चढायचं नाही. सभ्य लोकांची गैरसोय होते. मग सभ्य लोकांची हौस फिटली आणि पंधराएक वर्षांत गाड्या बंद पडल्या. पास्कल बिचारा गाडी सुरू झाल्यावर पाच महिन्यांतच गेला होता.

त्यानंतर दीडशे वर्षं सामसूम. १८२६ मध्ये फ्रान्सच्याच नाँत गावात बोद्री नावाच्या गृहस्थांनी गावाबाहेर गरम पाण्याची स्नानगृहं काढली आणि गिऱ्हाइकांसाठी गाडी ठेवली. गाडी भरून जायची, पण स्नानाला कुणी उतरेना. सगळे अधेमधेच उतरायचे. बोद्रींनी व्यवहार ओळखला, स्नान सोडलं आणि गाडी धरली. तिचा थांबा ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानासमोर होता, त्यानं आपल्या नावावर कोटी करून पाटीवर 'ओम्नेस ऑम्निबस' असं लिहिलं होतं आणि त्यावरून गाडीला नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. ती खरी असावी असं मला फार वाटतं. एका दुकानदाराच्या कोटीवरून सगळ्या जगाच्या वाहनाचं नाव पडावं, हे कोट्या करणाऱ्या मराठी माणसाला धीर देणारं आहे.

लंडनला ही गाडी आणली जॉर्ज शिलिबीरनं. ४ जुलै १८२९, पॅडिंग्टन ते बँक. तीन घोडे, बावीस माणसं, भाडं एक शिलिंग. नाव 'सर्वांना', आणि एक शिलिंग रोज देणं कुठल्याही मजुराला परवडणारं नव्हतं! कारकून चढले, दुकानदार चढले. ज्यांचे पाय खरे दुखत होते ते चालत राहिले. शिलिबीर स्पर्धेत बुडाला, कर्जापायी तुरुंगात जाऊन आला आणि शेवटी त्यानं प्रेतयात्रेची खास गाडी काढली. धंद्याची मेख त्याला तेव्हा कळली असावी. हा उतारू उशीर झाला म्हणून तक्रार करत नाही.

पुढे गाड्यांच्या टपावर लांबलचक बाकं आली. पाठीला पाठ लावून बसायचं आणि वर जायचं ते उभ्या शिडीनं. त्या काळचे घोळदार झगे घालून शिडी चढणं अशक्य आणि असभ्य, म्हणून बायकांना टप बंद. टपावर भाडं कमी असायचं, पण ते पुरुषांसाठी. १८८० नंतर नीट जिने आले तेव्हा त्या वर गेल्या, आणि खालून घोटे दिसू नयेत म्हणून कठड्याला फळ्या ठोकण्यात आल्या. त्या फळ्यांवर पुढे जाहिराती लागल्या. लंडनच्या बसवरल्या जाहिरातींचा उगम बायकांच्या घोट्यांत आहे, हे मी एकदा कचेरीत सांगितलं तर टायपिस्ट बाई दोन दिवस माझी पत्रं शेवटी टाइप करीत होत्या.

पहिल्या महायुद्धात पुरुष खंदकात गेले. लंडनच्या शेकडो बसगाड्याही उतारूंऐवजी सैनिक भरून फ्रान्सला गेल्या. मागे उरलेल्या गाड्यांवर बायका कंडक्टर झाल्या. घोटे दाखवायची चोरी असलेल्याच बायका आता घंटा वाजवत होत्या. ऑगस्ट १९१८ मध्ये पुरुषांना युद्धभत्ता वाढवून दिला आणि यांना नाही, तेव्हा त्यांनी संप केला, गाड्या बंद पाडल्या आणि भत्ता घेतला. मग युद्ध संपलं, पुरुष परत आले, आणि बायकांना सांगण्यात आलं : आभारी आहोत, आता जागा नाही. लंडनची बस चालवायला पहिली बाई, जिल व्हायनर, बसली ती १९७४ मध्ये. मी तिथेच होतो. आमच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी त्या आठवड्यात विम्याचा हप्ता वेळेवर भरला.

हे सगळं मी पुस्तकांतून गोळा केलं. पण त्यापुढचा इतिहास मला शिकवला तो त्या आडव्या हाताच्या मालकानं.

आमची ओळख झाली ती तिकिटावरून. त्यांच्या गळ्यात एक यंत्र असायचं. दांडा फिरवला की घर्रर्र करून कागदाची पट्टी बाहेर. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून तिकीट काढतो, चिमट्यानं टिक टिक करीत हिंडतो, आणि लोक त्याला 'मास्तर' म्हणतात. मास्तर म्हणजे शाळेतला शिक्षक हे कळल्यावर ते भलतेच खूश झाले. तेव्हापासून मी त्यांना मास्तर म्हणायचो आणि ते मला 'बॉम्बे'.

मास्तर बार्बेडोसचे. त्यामुळे बोलणं क्रिकेटवर जाणार हे ठरलेलंच. १९७१ मध्ये आपला गावसकर तिकडे जाऊन चार कसोटींत ७७४ धावा काढून आला होता, त्यातलं एक नाबाद शतक बार्बेडोसलाच. त्यामुळे पहिले काही महिने माझा भाव बरा होता. मग जून १९७४ उजाडला आणि लॉर्ड्सवर आपला संघ सर्वबाद ४२ झाला. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून खालच्या मजल्यावर बसलो. मास्तर आले, तिकीट काढलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बॉम्बे, मी तर एका खेपेत एकोणसत्तर करतो." पुढे आठवडाभर मी वरच्या मजल्यावर बसलो. तिथे त्या काळी विड्या ओढायला परवानगी होती. धूर इतका की कुणाचा चेहरा कुणाला दिसायचा नाही, आणि मला तेच हवं होतं.

१९५६ मध्ये लंडनच्या बसखात्याला माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी बार्बेडोसला भरती सुरू केली. बोटीच्या भाड्यासाठी तिथल्या सरकारनं कर्ज दिलं, ते पगारातून फेडायचं. मास्तर त्या पहिल्या काही तुकड्यांतले. "इथे आलो तेव्हा बसमध्ये मला जागा होती," ते म्हणायचे, "खोली भाड्यानं घ्यायला गेलो की मात्र जागा नुकतीच गेलेली असायची." एकोणसत्तर माणसांना मी घेऊन जातो आणि रात्री मला टेकायला जागा नाही, हे ते इतक्या हसत सांगायचे की मीही हसायचो.

ब्रिस्टलची हकीकत त्यांनी मला हप्त्याहप्त्यानं सांगितली. ब्रिक्स्टन ते केनिंग्टन एवढाच वेळ मोकळा असायचा, पुढे गर्दी. ब्रिस्टलच्या बस कंपनीत गोऱ्याशिवाय कुणाला चालक-वाहक म्हणून घेत नसत. नुसती कंपनीच नव्हे, कामगार संघटनाही त्यात सामील. १९६३ मध्ये पॉल स्टीफन्सन या तरुण कार्यकर्त्यानं फोन करून विचारलं, जागा आहेत का? आहेत. त्यानं आपला विद्यार्थी गाय बेली याला मुलाखतीला पाठवलं. जमैकाचा तो मुलगा दारात दिसला आणि जागा संपल्या! "तीन घंटा," मास्तर म्हणाले. अमेरिकेत माँटगोमेरीच्या लोकांनी केलं होतं तसं मग ब्रिस्टलच्या लोकांनी केलं : बसवर बहिष्कार. विद्यार्थी मोर्चे काढू लागले. लिअरी कॉन्स्टंटाइन, वेस्ट इंडीजचा जुना जबरदस्त खेळाडू, तेव्हा लंडनमध्ये त्रिनिदादचा उच्चायुक्त होता. तोही यात उतरला. हे सांगताना मास्तरांनी हवेत एक चौकार मारला आणि एका बाईंची टोपी पाडली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कंपनीनं माघार घेतली. वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंगचं ते मोठं भाषण झालं, तोच दिवस. आणि सप्टेंबरात ब्रिस्टलच्या बसवर पहिला गोरेतर कंडक्टर चढला तो कोण? रघबीर सिंग. आपला सरदारजी!

"तुमचाच माणूस," मास्तर म्हणाले. मी छाती थोडी फुगवली. वास्तविक मी त्यासाठी काय केलं होतं? त्या वेळी मी दादरला दांडी धरत होतो.

वुल्व्हरहॅम्प्टनचंही त्यांच्याचकडून कळलं. तिथे १९६७ मध्ये तरसेमसिंग संधू दाढी राखून, पगडी घालून कामावर आला आणि त्याला घरी पाठवलं. पगडी गणवेशात बसत नव्हती. डोक्यावर काय घालायचं यावर गावात दोन वर्षं भांडण चाललं, मोर्चे निघाले, एका शीख पुढाऱ्यानं जाळून घेण्याची धमकी दिली, आणि एप्रिल १९६९ मध्ये बंदी उठली. नोकरी देताना वंश-वर्ण पाहायचा नाही, असा कायदा इंग्लंडात १९६८ मध्ये झाला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी घरीही फारशी सांगितलेली नाही. १९७५ च्या हिवाळ्यातली संध्याकाळ. बस खच्चून म्हणजे इंग्रजी मापानं खच्चून भरलेली. मी पाचवा उभा. शेजारच्या बाकावर एक नीटनेटके गृहस्थ, मांडीवर छत्री. मास्तरांनी त्यांना सुटे पैसे दिले तर त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "बाकावर ठेव." मास्तरांनी बाकावर ठेवले. गृहस्थ पुढे आणखी बोलले. 'तुम्ही लोक' असं त्याचं सुरुवातीचं शब्द होतं, बाकीचं तुम्हाला कळेल. बसमधल्या साऱ्यांनी वर्तमानपत्रं डोळ्यांच्या अधिक जवळ घेतली. माझ्याकडे वर्तमानपत्र नव्हतं, म्हणून मी डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात वाचू लागलो. तेवढ्यात ते गृहस्थ माझ्याकडे वळले, 'तुम्ही हिंदी लोक मात्र शहाणे' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटले आणि हसले.

आणि मी हसलो.

म्हणजे हसायचं ठरवून नाही. समोरचा साहेबी माणूस हसला की आपलं तोंड आपोआप रुंद होतं, तसं. पण झालं. वर पाहिलं तर मास्तर दोन हातांवर उभे. त्यांनी तिकीट फाडलं, उरलेले दोन पेन्स माझ्या तळहातावर ठेवले, नेहमीसारखेच, आणि पुढे गेले. दुसऱ्या दिवशी तेच "मॉर्निंग, बॉम्बे!" जणू काही झालंच नव्हतं. मला वाटलं, आज काही बोलू. मग वाटलं, गर्दी आहे, उद्या बोलू. गर्दी रोज असायची.

त्या बसगाड्या आता नाहीत. ९ डिसेंबर २००५ रोजी लंडनच्या नेहमीच्या मार्गावरून शेवटची रूटमास्टर धावली, ती १५९ नंबरचीच. मी योगायोगानं भाचीकडे गेलो होतो. रस्त्याच्या दोन्ही कडांना कॅमेरे घेऊन ही गर्दी! ज्यांना त्या बसनं जन्मभर थांब्यावर ताटकळत ठेवलं ते तिच्यासाठी डोळे पुसत होते. पुढे हौसेखातर एकदोन मार्गांवर काही वर्षं तशा गाड्या धावल्या, तेवढंच. २०१४ पासून तर तिथल्या बसमध्ये रोख पैसेही घेत नाहीत. यंत्राला कार्ड दाखवायचं. सुटे कुणाच्या हातावर ठेवायचे की बाकावर, हा प्रश्नच मिटला. आपल्या मुंबईची डिझेलवरची लाल डबलडेकरही १५ सप्टेंबर २०२३ ला गेली. तिच्यात खाली एक आणि वर एक असे दोन कंडक्टर असायचे. लंडनच्या मास्तरांना मी हे सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे वर गप्पा मारायला वेगळा माणूस? फार चैन करता तुम्ही लोक."

पण मास्तरांचा निरोप घ्यायचा राहिला, तो १९७६ मधलाच. मार्चमध्ये माझं परतीचं ठरलं. शेवटच्या दिवशी साउथॉलहून आणलेले बुंदीचे लाडू पुठ्ठ्याच्या डब्यात भरले. आदल्या रात्री बसून, त्या हसण्याबद्दल काय बोलायचं ते इंग्रजीत लिहून काढलं. चार वाक्यं होती. दुसऱ्या वाक्यातलं एक क्रियापद शब्दकोशात तपासलं. सकाळी वीस मिनिटं लवकर जाऊन थांब्यावर उभा राहिलो, तरी पुढे सातजण होतेच.

बस आली. फळीवर मास्तर. पुढचे एकेक करून चढले. मी डबा सावरला, चार वाक्यं मनात म्हटली आणि पाय उचलला.

हात आडवा आला.

"फुल अप, बॉम्बे!"

डबा पुढे करीपर्यंत तीन घंटा झाल्या होत्या. बस वळणावर दिसेनाशी झाली आणि तिच्या मागोमाग १५९ नंबरच्याच दोन बसगाड्या एकापाठोपाठ एक आल्या, दोन्ही रिकाम्या. मी पहिलीत चढलो, वरच्या मजल्यावर गेलो आणि ट्रॅफल्गर स्क्वेअर येईपर्यंत चार लाडू खाल्ले.